शनिवारी घाणा बंद

कोकणातल्या बेने इस्रायल समाजात एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. डेव्हिड रहाबी नावाचा एक परका ज्यू गृहस्थ फिरत फिरत अलिबागच्या मुलखात आला. तिथे तेल गाळणाऱ्या लोकांची एक जमात त्याला भेटली. दिसायला, बोलायला, नेसायला चारचौघांसारखीच, पण शनिवारी त्यांचे घाणे बंद असत. आजूबाजूचे लोक त्यांना शनवार तेली म्हणत. रहाबीला संशय आला. त्याने त्यांच्या बायकांपुढे माशांची टोपली ठेवली आणि हे रांधून द्या म्हणाला. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे निवडून घेतले आणि बाकीचे बाजूला सारले. हे आमच्यात चालत नाहीत, एवढंच त्या म्हणाल्या. का चालत नाहीत, ते त्यांना ठाऊक नव्हतं. रहाबीला मात्र ठाऊक होतं. ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, तोराच्या, तिसऱ्या पुस्तकात, लेवीयमध्ये, हाच नियम लिहिलेला आहे: पाण्यातल्या जिवांपैकी ज्यांना पर आणि खवले दोन्ही आहेत तेच खावेत.

रहाबी नेमका कधी आला यावर एकमत नाही. समाजाची परंपरा त्याला हजारेक वर्षं मागे नेते, तर अनेक अभ्यासक त्याला अठराव्या शतकातला कोचीनचा ज्यू समजतात. त्याच्याही आधीची कथा गलबत फुटल्याची आहे. इसवी सनापूर्वी १७५च्या सुमारास नवगावजवळ एक गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, त्यांच्यापासून हा समाज वाढला. वाहून आलेल्या मृतांचं दफन नवगावला झालं म्हणून ती जागा आजही पवित्र मानतात. या कथेचं चित्पावनांच्या उत्पत्तिकथेशी असलेलं साम्य अनेकांनी दाखवून दिलंय, त्यामुळे तारीख-वार पकडून कुणी वाद घालू नये. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात मात्र या समाजात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि स्थानिक भारतीयांचा असे दोन्ही वारसे स्पष्ट आढळले. कधी आले हे सांगता आलं नाही तरी आले होते, हे नक्की.

मला या कथेत गलबतापेक्षा टोपली महत्त्वाची वाटते. या लोकांकडे तोराची प्रत नव्हती. हिब्रू भाषा विसरली होती. रब्बी नव्हते, सिनॅगॉग नव्हतं, जगात आपल्यासारखे आणखी लोक आहेत याची खबरही फारशी नव्हती. उरलं होतं ते असं: शनिवारची सुटी, मुलाची आठव्या दिवशी सुंता, माशांची निवड, काही सण-उपास आणि ‘शेमा इस्रायल’ या प्रार्थनेचे सुरुवातीचे शब्द. एवढ्या शिदोरीवर ते ज्यू राहिले. धर्म समजून घ्यायचा म्हटलं की आपण बहुतेकदा ‘ते काय मानतात’ इथून सुरुवात करतो. ज्यू धर्माच्या बाबतीत ‘ते शुक्रवारी संध्याकाळी काय करतात’ इथून सुरुवात केली तर बरंच लवकर कळतं.

श्रद्धेची कलमं या धर्मात नाहीत असं नाही. बाराव्या शतकात मोझेस मायमोनिडीझ या थोर पंडिताने तेरा तत्त्वं मांडली आणि पुढे त्यावरही वाद झाले. पण सिनाय पर्वतापाशी देवाने तोरा देऊ केली तेव्हा लोकांनी दिलेल्या उत्तराचा क्रम ज्यू भाष्यकारांना फार आवडतो. ‘आम्ही करू’ हे ते आधी म्हणाले, ‘ऐकू’ हे नंतर. परंपरेने तोरात ६१३ आज्ञा मोजल्या आहेत, २४८ करण्याच्या आणि ३६५ न करण्याच्या. त्यातल्या पुष्कळशा जेरुसलेमच्या मंदिराशी निगडित होत्या. इसवी सन ७०मध्ये रोमनांनी ते मंदिर पाडलं आणि बलिदान, पुरोहित, वेदी हे सगळं एका फटक्यात संपलं. त्यानंतर रब्बींनी जे केलं त्याला माझ्या मते धर्मेतिहासात तोड नाही. मंदिरातला धर्म त्यांनी घरात आणला. वेदीची जागा जेवणाच्या पाटाने घेतली. बलिदानाबरोबर मीठ अर्पण करायचे, म्हणून आजही अनेक घरांत प्रार्थना म्हणून झाल्यावर भाकरीचा पहिला तुकडा मिठाला लावून खातात.

या घरगुती धर्माचे नियम आधी तोंडी चालत. सुमारे इसवी सन २००मध्ये ते मिश्ना नावाच्या संहितेत गोळा झाले, मग त्यावरच्या शतकानुशतकांच्या चर्चेतून तालमूद तयार झालं आणि १५६५मध्ये सफेद गावच्या योसेफ कारो यांची ‘शुल्हान आरूख’ ही आचारसंहिता छापली गेली. तिची सुरुवात सृष्टीच्या निर्मितीने किंवा आत्म्याच्या स्वरूपाने होत नाही. सकाळी अंथरुणातून कसं उठावं, इथून ती सुरू होते. थोडं पुढे गेलं की जोड्यांचा नियम येतो: उजवा जोडा आधी घालावा, पण बंद डाव्याचा आधी बांधावा. काही ठिकाणी परंपरा उजव्याला मान देते, काही ठिकाणी डाव्याला, म्हणून दोघांचंही समाधान करणारी ही तडजोड. हसू येतं खरं, आणि ज्यू लोक स्वतःही त्यावर पुष्कळ हसतात. पण या संहितेला माणूस कुठे पकडायचा ते पक्कं माहीत आहे. कुणीही न बघता, पेंगुळलेल्या डोळ्यांनी जोडे घालत असताना.

दिवसाला शंभर आशीर्वचनं म्हणावीत अशी परंपरा आहे. आशीर्वचन म्हणजे ‘बराखा’, एका वाक्याचं स्तवन. यातली बरीच नेहमीच्या प्रार्थनांत मोजली जातात, उरलेली खाण्यापिण्यात आणि बघण्याऐकण्यात. वीज चमकली की एक, मेघ गडगडला की दुसरं, इंद्रधनुष्य दिसलं की आणखी एक. मोसमातलं नवं फळ पहिल्यांदा खाताना ‘आम्हाला या वेळेपर्यंत पोचवलंस’ अशा अर्थाचं वेगळं स्तवन आहे, म्हणजे हापूसच्या पहिल्या फोडीचीही सोय आहे. फळासाठी झाडाचं स्तवन, भाजीसाठी जमिनीचं. मग केळ्याला कोणतं? जमिनीचं. कारण केळीचा बुंधा एकदा घड धरला की संपतो, पुढच्या वर्षी तोच पुन्हा फळत नाही, म्हणून तिला झाड मानत नाहीत. परसात केळी लावलेल्या कुणालाही हा युक्तिवाद पटावा. एक केळं तोंडात घालण्याआधी माणसाला क्षणभर थांबून हे कसं उगवतं याचा विचार करायला लावायचा, ही योजना मला भारी वाटते.

सगळ्यात धाडसी आशीर्वचन शौचाहून आल्यावर हात धुऊन म्हणायचं. ते तालमूदमध्ये आबाये या पंडिताच्या तोंडी आहे. देवाने माणसाच्या शरीरात द्वारं आणि पोकळ्या शहाणपणाने घडवल्या, त्यातलं एखादं बंद राहायला हवं ते उघडलं किंवा उघडं राहायला हवं ते बंद झालं तर माणूस उभा राहू शकणार नाही, असा त्याचा आशय. मूत्रखड्याने तळमळलेल्या माणसाला या स्तवनाचं महत्त्व पटवून द्यावं लागत नाही. देवघर आणि न्हाणीघर यांत भिंत न घालणारी ही दृष्टी आहे.

आता शनिवार. ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, शुक्रवारी संध्याकाळी येतो. सूर्य मावळण्यापूर्वी साधारण अठरा मिनिटं घरातली स्त्री दिवे लावते. इथे एक बारीक पेच आहे. आशीर्वचन नेहमी कृतीच्या आधी म्हणायचं असतं. पण शब्बाथचं स्तवन म्हटलं की शब्बाथ सुरू झाला, आणि शब्बाथमध्ये आग पेटवता येत नाही. मग दिवे लावायचे कसे? उपाय असा निघाला: आधी दिवे लावायचे, मग हातांनी डोळे झाकून स्तवन म्हणायचं आणि मग हात काढायचे. बाईच्या दृष्टीने उजेड स्तवनानंतरच आला. सगळ्याच ज्यू समाजांत असं करत नाहीत, पण ज्या घरात करतात तिथे ते झाकलेले डोळे लहान मुलांच्या कायमचे लक्षात राहतात.

त्यानंतर द्राक्षारसावर किद्दुश (शब्बाथ पावन करणारं स्तवन), दोन भाकऱ्यांवर स्तवन, जेवण. दोन भाकऱ्या का, तर मोशेबरोबर रानात भटकणाऱ्या पूर्वजांसाठी आकाशातून पडणारं अन्न, मान्ना, शुक्रवारी दुप्पट पडायचं म्हणून. युरोपातल्या ज्यूंची वेणीदार पावाची पद्धत सिनेमांमुळे सगळ्यांना ठाऊक झालीय. कोकणात मात्र भाकरी किंवा चपातीवर काम भागलं. द्राक्षारसाचंही तसंच. धर्मशास्त्राला मान्य असा द्राक्षारस रोह्याला किंवा पेणला कुठून मिळणार? बेने इस्रायल घरांत काळ्या मनुका पाण्यात भिजत घालतात, कुस्करतात, गाळतात आणि त्या सरबतावर किद्दुश म्हणतात. नियमाच्या दृष्टीने त्यात काही खोट नाही, मनुका म्हणजे द्राक्षच.

शब्बाथला काम करायचं नाही म्हणजे नेमकं काय करायचं नाही? तोरा तपशील देत नाही. रानातला पवित्र तंबू उभारायला जी कामं लागली ती शब्बाथला बंद, असा अर्थ रब्बींनी लावला आणि ३९ प्रकार ठरवले: नांगरणं, पेरणं, कापणं, मळणं, शिवणं, लिहिणं, आग पेटवणं, विझवणं, ओझं घेऊन सार्वजनिक जागेत जाणं वगैरे. यातला एक प्रकार आपल्या स्वयंपाकघरात सहज सापडतो, तो म्हणजे निवडणं. तांदळातले खडे वेचून काढणं शब्बाथला चालत नाही, कारण ते नकोसं काढून टाकणं झालं. लगेच खायला बसायचं असेल तर ताटातल्या मिसळलेल्या फळांतून हवं ते हाताने उचलणं चालतं. फरक केसाएवढा आहे आणि तो समजून घेण्यासाठी लोकांनी ग्रंथ लिहिलेत. आजचे प्रश्न त्यातूनच येतात. विजेचं बटण म्हणजे आग का? मोबाईल? लिफ्ट? इस्रायलमध्ये शब्बाथला प्रत्येक मजल्यावर आपोआप थांबणाऱ्या लिफ्ट आहेत, म्हणजे कुणाला बटण दाबावं लागत नाही. स्वयंपाक शुक्रवारीच करून मंद आचेवर ठेवतात. इराकी ज्यूंचा रात्रभर शिजणारा कोंबडी-भात याच गरजेतून आला. आणि एखाद्याचा जीव धोक्यात असेल तर हे सगळे नियम बाजूला. तिथे थांबून रब्बीला विचारत बसणं हाच दोष मानलाय.

शब्बाथच्या आज्ञेत एक गोष्ट अशी आहे की ती वाचल्यावर मला पुन्हा शनवार तेली आठवले. विसावा फक्त घरधन्याला नाही. नोकराला, दासीला, परक्याला, बैलाला आणि गाढवालाही आहे, असं तोराचे शब्द सांगतात. डोळ्यांना ढापण बांधून दिवसभर घाण्याभोवती फिरणारा बैल शनिवारी उभा राही, तो याच आज्ञेखाली. मालकाला आज्ञेचा मजकूर माहीत नसेल, बैलाची सुटी मात्र पक्की होती.

स्वयंपाकघराचे नियम लोकांना सर्वांत अवघड वाटतात. चौपायांत दुभंगलेल्या खुराचा आणि रवंथ करणारा प्राणीच चालतो, म्हणून बकरा चालतो आणि डुक्कर, ससा, उंट चालत नाहीत. मान ठरावीक पद्धतीने, बिनखाचेच्या धारदार सुरीने कापायची. रक्त खायचं नाही, म्हणून मटण अर्धा तास पाण्यात भिजवायचं, तासभर मिठात ठेवायचं आणि धुवायचं. अंड्यात रक्ताचा ठिपका निघाला तर ते टाकून द्यायचं. पालेभाजी, फ्लॉवर नीट निरखून घ्यायचा, कारण कीड पोटात गेली तर ते निषिद्ध जिवाचं खाणं झालं. मासळीत पापलेट, रावस, बांगडा चालतो; कोळंबी, चिंबोरी, तिसऱ्या, मुशी, शिंगाळा चालत नाही. कोकणात राहून कोळंबीला हात लावायचा नाही, याला निग्रह लागतो, हे मी आवर्जून नोंदवतो.

त्यापुढचा नियम मांस आणि दूध एकत्र न करण्याचा. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये हे वाक्य तोरात तीनदा येतं. त्यावरून रब्बींनी मांस आणि दुग्धजन्य पदार्थ एका जेवणात नकोत, त्यांची भांडी वेगळी, दोन्हींमध्ये काही तासांचं अंतर, इथवर नियम नेला. कुठे सहा तास थांबतात, कुठे तीन, हॉलंडच्या ज्यूंमध्ये एक तास. युरोपात या नियमाने लोणी आणि साय मटणापासून तोडली. कोकणात काय तुटलं? जवळजवळ काहीच नाही. इथे मटणाला नारळाचा रस. नारळाचं दूध ना मांस, ना दूध; ते दोन्हींबरोबर चालतं. बेने इस्रायलांचं मटण, त्यांची सोलकढी, गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध आटवून नव्या वर्षाला केलेला चिकाचा हलवा, हे सगळं धर्माला आणि जिभेला एकाच वेळी धरून आहे. युरोपातल्या एका पंडिताने बदामाच्या दुधात मांस शिजवलं तर ताटाशेजारी थोडे बदाम ठेवावेत असं सुचवलं होतं, म्हणजे पाहणाऱ्याचा गैरसमज होणार नाही. कोकणात नारळाची करवंटी ठेवायची गरज कुणाला पडली नसावी.

पंचांगाची ओळख तर आपल्याला करून द्यायलाच नको. ज्यू महिने चंद्रावर चालतात आणि ऋतूंशी जुळण्यासाठी त्यात अधिक महिना घालतात, १९ वर्षांत सात वेळा. म्हणून त्यांचा पुरीम हा सण बहुधा आपल्या होळीच्या आगेमागे पौर्णिमेला येतो आणि जुने बेने इस्रायल त्याला सरळ होळीचा सण म्हणत. या समाजाची सणांची जुनी यादी पाहिली तर नवल वाटतं. नव्या वर्षाचा नव्याचा सण. त्यानंतर खिरीचा सण. प्रायश्चित्ताच्या दिवशी दारं लावून, पांढरे कपडे घालून, उपाशी राहून घरात बसायचं, म्हणून तो दारफळणीचा सण. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. जेरुसलेमचं मंदिर पडल्याचा शोक जगभरचे ज्यू आव महिन्याच्या नवमीला उपास करून करतात; इथे त्या दिवशी वालाचं बिरडं खात आणि तो बिरड्याचा सण म्हणून ओळखला जाई. कशाचा शोक, हे विसरलं होतं. वल्हांडण या सणाला खमीर घरात ठेवायचं नाही, याची आठवण आंबट रसाचं मडकं झाकून ठेवण्याच्या रूपात उरली होती. हनुक्का हा दिव्यांचा सण मात्र यादीतच नव्हता. हा सण इसवी सनापूर्वी १६४मध्ये जेरुसलेमचं मंदिर पुन्हा पावन केल्याचा. पूर्वज त्याआधीच निघाले होते, असा अर्थ समाजातले लोक त्यातून काढतात.

एकोणिसाव्या शतकात पुस्तक परत आलं, तेही तीन वाटांनी. कोचीनचे ज्यू शिक्षक आले. बगदादी ज्यू व्यापारी मुंबईत स्थिरावले; पुण्याचं लाल देऊळ हे सिनॅगॉग त्यांच्यातल्याच डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलं आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८६७मध्ये ते पुरं झालं. आणि गंमत म्हणजे ख्रिस्ती मिशनरींचाही हातभार लागला. जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. त्यांचा हेतू धर्मांतराचा होता, पण शिकलेल्या बेने इस्रायलांनी त्या हिब्रूचा उपयोग ज्यू धर्म पक्का करण्यासाठी केला. १८४६मध्ये मुंबईत वल्हांडणाची पोथी, हग्गादा, मराठीत छापली गेली. १८७४ची पुण्याची हग्गादा हिब्रू-मराठी आणि सचित्र आहे. तिच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगड्यात दिसतात. जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांनी प्रार्थनापुस्तकांची मराठी भाषांतरं केली. अब्राहाम, मोशे, योसेफ यांच्या कथांवर अभंग-साकी-दिंडी रचून हरदासी थाटाची कीर्तनंही झाली. हाइम सॅम्युअल केहिमकर यांनी १८७५मध्ये समाजासाठी शाळा काढली आणि १८९७मध्ये समाजाचा इतिहास लिहिला, जो छापून यायला १९३७ साल उजाडलं.

पुस्तक आल्यावर आचार सुधारले तसे काही गळालेही. बिरड्याची जागा शास्त्रोक्त उपासाने घेतली, मडकं गेलं, हनुक्काचे दिवे आले. हे होणारच होतं, पण त्यात थोडं नुकसान झालं असं मला वाटतं. मलिदा मात्र टिकला. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, खोवलेलं ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा, सोबत फळं. ताट मांडून एलियाहू हन्नाबीची, म्हणजे एलिया प्रेषिताची, स्तुती म्हणायची. लग्न ठरलं, परीक्षा पास झाली, आजारातून उठलं, नवी गाडी घेतली की मलिदा. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एक खडक आहे, तिथून एलियाचा रथ आकाशात गेला आणि चाकाच्या खुणा उमटल्या, असं मानतात आणि नवस फेडायला तिथे जातात. मलिद्यातला पोहे-नारळ कोकणचा; त्यावरची आशीर्वचनं हिब्रू, आणि झाडाचं फळ कोणतं, जमिनीचं कोणतं, ही विभागणी तालमूदातलीच.

आचारावर उभ्या असलेल्या धर्माची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९४८नंतर बहुसंख्य बेने इस्रायल इस्रायलला गेले. तिथे १९६२मध्ये मुख्य रब्बी नीस्सीम यांनी सूचना काढली: बेने इस्रायलांचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी त्यांच्या वंशाची चौकशी करावी. कारण शास्त्राचं होतं. घटस्फोट आणि दिराशी विवाह यांचे रब्बींनी घातलेले नियम या लोकांना शतकानुशतकं माहीत नव्हते, तेव्हा त्यांच्या वंशात नियमबाह्य विवाहांची संतती असू शकते, असा तर्क. ज्यांनी ग्रंथाविना शनिवार पाळला त्यांना ग्रंथ नव्हता म्हणून संशयित ठरवलं गेलं. लोक रस्त्यावर उतरले, धरणी झाली, आणि १९६४मध्ये इस्रायलच्या संसदेने त्यांची बाजू घेतल्यावर सूचनेतला त्यांचा नामोल्लेख काढला गेला. नियमाची काटेकोर अंमलबजावणी माणसाला कुठवर दुखवू शकते, याचं हे उदाहरण ज्यू धर्माच्या कौतुकात सहसा गाळलं जातं.

गंमत अशी की काटेकोरपणाला आतूनच शह देणारी कथा तालमूदात आहे. एका भट्टीच्या शुद्धाशुद्धतेवर वाद चालू असतो. रब्बी एलिएझर एकटे एका बाजूला. त्यांच्या सांगण्यावरून झाड जागचं हलतं, ओढा उलटा वाहतो, शेवटी आकाशवाणीही त्यांच्या बाजूने होते. तरी रब्बी यहोशुआ उठून सांगतात की तोरा आता आकाशात राहिलेली नाही, निकाल बहुमताने लागेल. आणि हे ऐकून देव हसतो. हरलेल्या बाजूचं मतही तालमूद जपून ठेवतं. हनुक्काला पहिल्या दिवशी एक दिवा लावून आठपर्यंत वाढवत न्यावं हे हिल्लेल या प्राचीन पंडिताच्या शिष्यांचं मत चाललं. आठांपासून सुरू करून उतरत यावं हे त्यांचे प्रतिस्पर्धी शम्मय यांच्या शिष्यांचं मत कुणी पाळत नाही, पण दर वर्षी शिकवलं मात्र जातं.

न दिसणारे आचारही आहेत आणि ते मला मासळीपेक्षा कठीण वाटतात. कुणाची पाठीमागे निंदा करू नये, आणि बोललेलं खरं असलं तरी ती निंदाच, असा नियम. १८७३मध्ये पूर्व युरोपातल्या एका रब्बींचा यावर अख्खा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दानाच्या मायमोनिडीझने आठ पायऱ्या सांगितल्या. सगळ्यात खालची कुरकुरत दिलेल्या दानाची, सगळ्यात वरची कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसाला पुन्हा मागावं लागणार नाही असं करण्याची.

धर्म घरात असला तरी एकट्याने तो पुरा होत नाही. सामुदायिक प्रार्थनेला, तोराच्या जाहीर वाचनाला आणि मृतांसाठी म्हणायच्या कद्दीशला दहा प्रौढ माणसं लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. सनातनी परंपरेत ते दहा पुरुष; उदारमतवादी पंथांत बायकाही मोजतात. मुंबईत हा उदारमतवादी विचार १९२५मध्ये आणण्यात डॉ. जेरुशा झिराड या प्रख्यात स्त्रीरोगतज्ज्ञ पुढे होत्या. मरणाच्या वेळी दहांची गरज सगळ्यात जाणवते. दफन शक्य तेवढं लवकर करायचं, जवळच्यांनी कपडा फाडायचा, सात दिवस घरात जमिनीलगत बसायचं, तीस दिवस सणसमारंभ टाळायचे, आणि आईवडिलांसाठी अकरा महिने कद्दीश म्हणायचा. कद्दीशमध्ये मृत्यूचा उल्लेख नाही, फक्त देवाची थोरवी आहे. मात्र तो एकट्याने म्हणता येत नाही. शोक करणाऱ्याला रोज नऊ लोकांत जाऊन बसावंच लागतं. ज्याने कुणी हे ठरवलं त्याला माणसाचं मन चांगलं कळत असणार.

भारतात आता चार-पाच हजारच ज्यू उरलेत, त्यातले बहुतेक मुंबई-ठाण्यात. २०१६मध्ये महाराष्ट्राने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. मशीद बंदरजवळचं शाआर हारहमीम हे सॅम्युअल इझिकिएल दिवेकर यांनी १७९६मध्ये बांधलेलं समाजाचं पहिलं सिनॅगॉग. ठाण्याचं १८७९चं. अलिबाग, पनवेल, रेवदंडा इथेही इमारती आहेत, पण तिथे दहाचा आकडा गाठणं सोपं नाही.

एखाद्याला हा धर्म आपलासा करावा वाटला तर रब्बी आधी परतवून लावतात, ही जुनी रीत. ज्यू धर्म प्रचार करत नाही. परक्या माणसाने सज्जनपणाचे सात मूळ नियम पाळले तरी त्याला देवाघरी जागा आहे, असं तो मानतो. तरीही कुणी अडून बसला तर महिनोन्‌महिने अभ्यास, तीन जणांचं न्यायमंडळ, पाण्यात बुडी आणि पुरुषाला सुंता. ज्यू घरात जन्मून आचार सुटलेल्यांना मात्र कुणी ६१३ची यादी देत नाही. शुक्रवारचे दिवे लाव, आणि दुसरं काही नाही तर त्या जेवणापुरता मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेव, असं सांगतात. मुंबईतली पुष्कळ कुटुंबं शनिवारी लोकलने कामाला जातात आणि शुक्रवारी मनुकांच्या सरबतावर किद्दुशही म्हणतात. प्रत्येक घराची रेघ वेगळी. ज्यांची रेघ पक्की आहे त्यांना अलिबागला मिन्यान भरवायला जायचं तर शनिवारी गाडी चालवता येत नाही, म्हणून ते शुक्रवारी दुपारीच निघतात आणि रात्रीचा मुक्काम तिथेच करतात.